मदत हवी आहे: पैनगंगा अभयारण्य, उनकेश्वर, माहूरची लेणी एका दिवसात होईल का?

मंडळी नमस्कार. आम्ही ढाणकीकडचे, तालुका उमरखेड. जन्म पैनगंगेच्या अल्याड गेला, पल्याड गेलो ते लग्नाला नाहीतर देवीला. संक्रांतीनंतरच्या रविवारी घरचे नऊ जण (त्यात तीन पोट्टे) गाडी करून निघायचं म्हणतो. मुरलीकडून सहस्रकुंडाचा धबधबा, अभयारण्यातून किनवट, मांडवीवरून उनकेश्वर, येताना माहूरची पांडवलेणी आणि धनोड्याच्या पुलावरून घरी. गड या खेपेला नाही, मोठ्या आईचे गुडघे पायऱ्यांचं नाव काढू देत नाहीत.

आता खरी अडचण. बाबांच्या घोट्यावर सहा महिन्यांपासून इसब आहे. झोपेत खाजवतात, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. मलम चालू आहे, पण त्यांचा भरवसा उनकेश्वरच्या कुंडातल्या गंधकाच्या गरम पाण्यावर. "रामानं बाण मारून काढलेल्या पाण्यानं शरभंग ऋषी बरे झाले, माह्या पायाचं काय घेऊन बसला?" अशी फुटलेली जागा घेऊन कोणी कुंडात उतरलंय का?

दुसरं, काकाजींना अभयारण्यात नदीकाठी गोवऱ्या पेटवून रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) करायचेत. चालतं का?

सागवान: भाऊ, रोडग्याचं आधी. अभयारण्यात आग लावणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. जानेवारीत सागाची पानं गळून खाली नुसता पाचोळा असतो, एक ठिणगी पुरे. रस्ता सोडून आत जायचं असेल तर वनविभागाची परवानगी काढा. वाघाची आस पोट्ट्यांना लावू नका. टिपेश्वर अभयारण्यातला कॉलरवाला वाघ 2019 मध्ये पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, तो तुमच्यासाठी थांबणार आहे थोडाच!

सहस्रकुंड यातून काढा. या दिवसांत इसापूर धरणातून पाणी सुटलं असेल तर धार, नाहीतर काळा खडक. जंगल सकाळीच पार करा, दुपारी उनकेश्वर, उतरत्या उन्हात लेणी. लेणी माहूर गावालगत आहेत, मोठ्या आईला जमेल. टॉर्च घ्या, आतल्या खोल्यांत अंधार आणि वटवाघळांचा वास.

बाबांना मात्र कुंडात उतरू देऊ नका. त्या पाण्यात दहा जण दहा रोग घेऊन उतरतात. कातडी फुटलेली असताना गरम पाण्यानं खाज वाढते, माझ्या सासऱ्यांचा पाय असाच चिघळला होता. फारच हट्ट धरला तर बादलीत पाणी काढून, निवू देऊन हातपाय धुवा, घोटा कोरडा ठेवून. आणि जायच्या आधी डॉक्टरला विचारा.

धागाकर्ता: लय उपकार झाले भाऊ. सहस्रकुंड काढलं. काकाजी रोडगे घरीच भाजायला तयार झाले, पण "डब्यातला रोडगा म्हणजे दगड" हे दोनदा ऐकवून. बादलीचं बाबांना कोणी सांगायचं, यावर घरात सध्या सगळे एकमेकांकडे पाहून राहिले.