'पॅरिश'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी: पेरूतल्या लिमा शहरात काम करणाऱ्या कॅथलिक मिशनऱ्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. पहिल्याच ओळीत 'पॅरिश', म्हणजे एका चर्चचा परिसर आणि तिथली माणसं, हा शब्द आला आणि अडकले. 'धर्मग्राम' लिहिलं, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुठलं तीर्थक्षेत्र गं हे?" आमच्या कोल्हापुरात सगळे नुसतं 'चर्च' म्हणतात.

वसईकर: धर्मग्रामच लिहा. आमच्याकडे पोरंसुद्धा 'तुझा धर्मग्राम कुठला' विचारतात. धर्मप्रांत, धर्मगुरू, धर्मभगिनी ही सगळी त्याचीच भावंडं.

पेठकरी: 'धर्म' जोडला की शब्द जड होतो. पाद्री, मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि पाव-बटाट्यासारखे मुरले. पॅरिशही मुरेल. अर्थच हवा तर आमची तालीम बघा. माणूस पत्त्याला पेठेचा, पण ओळखीला तालमीचा. २०१९च्या पुरात आमच्या तालमीतली चूल आठवडाभर विझली नव्हती.

वसईकर: तालमीत बाप्तिस्मा होत नाही, लग्नामयताची नोंद राहत नाही. धर्मग्रामात राहते.

शब्दवेडा: मूळ ग्रीक 'पारोइकिया'. त्यातला 'ओइकोस' म्हणजे घर, आपल्या 'वेश्म'चा नातलग. 'पारोइकोस' म्हणजे शेजारी, आणि बाहेरून येऊन राहिलेला उपराही.

भाषांतरी: उपरा! लिमाच्या कडेच्या वस्त्या अँडीज डोंगरातून आलेल्या उपऱ्यांनीच वाळूत वसवल्या. त्यांना 'बार्रियादा' म्हणून हिणवत. बिशप लुईस बांबारेन यांनी तो शब्द टाकून 'पुएब्लो होवेन', म्हणजे 'तरुण गाव', हे नाव रुजवलं. १९७१ साली जागेसाठी ठाण मांडलेल्या कुटुंबांमध्ये त्यांनी मिस्सा केली, तर त्यांना अटक झाली. त्याच लोकांचं पुढे व्हिया एल साल्वादोर हे लिमाचं उपनगर उभं राहिलं. आणि मी खर्ड्यात 'झोपडपट्टी' लिहून बसलेय.

वस्तीतला: खोडा तो शब्द. मी तसल्याच वस्तीत वाढलो. शाळेत पत्ता सांगताना वडील 'वसाहत' म्हणाले, कारकुनानं 'झोपडपट्टी' लिहिलं. वडिलांनी तिथंच उभं राहून खोडायला लावलं. निळी शाई पसरलेला तो दाखला अजून माझ्याकडं आहे.

पेठकरी: वाईट वाटलं वाचून. पण 'झोपडपट्टी पुनर्वसन' हा सरकारी शब्द आहे, शिवी नव्हे.

वस्तीतला: कागदावर असू दे. 'झोपडपट्टीतला हाय त्यो' असं कुणी म्हणताना ऐकलंय काय तुम्ही?

शब्दवेडा: 'होवेन' हा आपल्या 'युवन्'चा भाऊ, तरी 'तरुण गाव' मराठी वाटत नाही. गावाला आपण नवं म्हणतो. 'नवी वसाहत' करा.

वसईकर: 'नवी वसाहत' म्हटलं की प्लॉट पाडलेली कॉलनी डोळ्यांपुढं येते. बिशपांनी मुद्दाम दिलेलं नाव आहे, 'तरुण गाव'च ठेवा. वाचक चार ओळींत रुळतो.

भाषांतरी: पुढे 'कोमेदोर पोपुलार' आहे. वस्तीतल्या बाया पाळीपाळीनं मोठ्या पातेल्यांत शिजवतात, पॅरिशची मदत असते, ताट स्वस्तात मिळतं. 'अन्नछत्र' लिहू?

पेठकरी: नको. अन्नछत्रात पैसे घेत नाहीत, आणि वाढणारा वेगळा, जेवणारा वेगळा. इथं शिजवणारीच जेवणारी आहे.

वस्तीतला: 'एक चूल' लिहा की.

वसईकर: एक चूल म्हणजे एकत्र कुटुंब. या पन्नास घरच्या बाया आहेत.

वस्तीतला: म्हणूनच म्हणतोय.