स्टोरीलाइन आलं म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझाइन आलं का?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या मास्टर्सवर दोन वर्षं घालवू नका, महिनाभरात स्टोरीलाइन शिका, पोर्टफोलिओ टाका." साफ चूक सल्ला. स्टोरीलाइन हे ई-लर्निंग कोर्स बांधायचं नुसतं सॉफ्टवेअर; इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे काय, कसं शिकवायचं आणि कसं तपासायचं ते ठरवणं. 'कामगाराला सुरक्षेचं महत्त्व समजेल' हे उद्दिष्ट टाकाऊ का, ते कुठलं टूल सांगतं? शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगरने १९६२ मध्येच उद्दिष्टात तीन गोष्टी मागितल्या: कृती, परिस्थिती, निकष. 'प्रेस बंद करून, तक्ता न बघता, लॉकआउटच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने करेल' (लॉकआउट म्हणजे यंत्र चुकून सुरू होऊ नये म्हणून त्याची वीज तोडून कुलूप लावणं) असं लिहिलं की चाचणी काय घ्यायची तेही ठरतं. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच नाशकात आहे. शिक्षक समोर नसताना धडा कसा उभा राहतो, ते त्यांची स्वयंअध्ययनाची पुस्तकं उघडून बघा.

सातपूरकर: मेगर पाठ करून कोर्स चालत नाही. कोर्स आणि एलएमएस (कोर्स चालवणारी, नोंदी ठेवणारी प्रणाली) यांना जोडणारं मानक म्हणजे स्कॉर्म. त्याच्या १.२ आवृत्तीत सस्पेंड डेटाला, म्हणजे शिकणारा कुठवर आला याच्या नोंदीला, ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. कोर्स लांबला की ती भरते, बुकमार्क नीट साठत नाही आणि शिकणारा पुन्हा पहिल्या स्लाइडवर येतो. कोर्सचे तुकडे करा, नाहीतर एलएमएस घेत असेल तर स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती वापरा, तिथे ६४,००० अक्षरं बसतात. हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

ओझर_डॉक: दोघंही ई-लर्निंगलाच चिकटलात. विमान देखभालीच्या दस्तऐवजांत एसटीईचे, म्हणजे सोप्या तांत्रिक इंग्रजीचे (सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश), नियम असतात: सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनात २५, धोक्याचा इशारा पायरीच्या आधी. ही शिस्त महिनाभरात अंगी लागत नाही.

अंबड_लिंक: आणि मराठी? शॉपफ्लोअरवर ऑपरेटर मराठी वाचतो, पण मॅन्युअलं अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. डीटाच्या (मॅन्युअल सुट्या विषयांत लिहायचं मानक) एक्सएमएलमध्ये पेस्ट केलं की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. ट्रान्सलेशन मेमरीत (आधीची भाषांतरं साठवून पुन्हा वापरणारा साठा) काही जुळत नाही, मग दर आवृत्तीला पूर्ण भाषांतराचे पैसे.

सातपूरकर: कृतिदेवचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर आहेत की.

अंबड_लिंक: आहेत, आणि तिथेच घात होतो! जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. कच्चा कन्व्हर्टर ती एकाच अक्षरापुढे सरकवतो, म्हणून 'स्थिती'तली वेलांटी अर्ध्या 'स'ला चिकटते. पुढे पीडीएफ बनवणाऱ्या इंजिनला देवनागरीची जोडणी येत नसेल तर जोडाक्षरं फुटून हलन्त उघडे पडतात. आधी 'स्थिती, कार्य, पायऱ्या, क्षमता' एवढ्या शब्दांचं एक पान काढून बघा, मगच पूर्ण मॅन्युअल.

गोदाकाठ: प्रश्न पदवीचा होता, फॉन्टचा नाही. धागा पळवू नका.

अंबड_लिंक: पळवत नाही! ज्या मास्टर्समध्ये मराठी मजकूर एकदाही छापून बघत नाहीत, ते नाशकातल्या पोरांनी का करावं?

गोदाकाठ: मुद्दा खरा आहे, नाइलाजाने मानतो. पण वेलांटी दुरुस्त झाली तरी ऑपरेटर सातव्या पायरीवर का अडतो, ते टास्क ॲनालिसिसशिवाय, म्हणजे काम पायरी-पायरीने तपासल्याशिवाय, कळणार नाही.

सातपूरकर: टास्क ॲनालिसिस महिनाभरात येत नाही, एवढं मान्य. दोन वर्षं लागतात हे अजिबात नाही. प्रवेश घेण्याआधी विचारा: प्रकल्प खऱ्या वापरणाऱ्यांसमोर तपासतात का, कोर्सचं पॅकेज एलएमएसवर चालवून दाखवावं लागतं का, डीटाची मूळ फाइल मागतात का. तिन्हींना 'नाही' आलं तर फी भरू नका.

अंबड_लिंक: चौथा प्रश्न मराठी पीडीएफचा.