वर्डमधला एक्सेलचा तक्ता झेरॉक्सच्या दुकानात गेला की गायब

सोयाबीनवाला, औसा
आमचा ४० शेतकऱ्यांचा गट आहे. हिशोब एक्सेलला ठेवतो, सभेचा अहवाल वर्डला. तक्ता ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘पेस्ट लिंक’ केलाय, म्हणजे तिकडं क्विंटल बदलले की इकडं आपोआप बदलतात. घरी एक नंबर चालतंय. काल पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सला गेलो तर तक्त्याच्या जागी ‘एरर! नॉट अ व्हॅलिड लिंक’. २५ प्रती निघाल्यावर ध्यानात आलं. वरून दुकानदार म्हणतो, फाइलच खराब हाय तुमची. सभा परवा. काय करावं?

टेबलखुर्ची, लातूर
फाइल चांगली आहे. तुम्ही तक्ता नाही, तक्त्याचा पत्ता नेलात. ऑल्ट + एफ९ दाबा, सी ड्राइव्हपासूनचा अख्खा रस्ता दिसेल. दुकानातल्या मशिनला तुमचा डेस्कटॉप कुठून सापडणार? त्यांच्या वर्डमध्ये ‘अपडेट लिंक्ड डेटा बिफोर प्रिंटिंग’वर टिक असणार, म्हणून छापण्याआधी वर्ड तो पत्ता शोधायला गेलं. लिंकऐवजी एम्बेड करा, म्हणजे तक्ता वर्डच्या फाइलमध्येच बसवा: ‘पेस्ट स्पेशल’मध्येच ‘पेस्ट लिंक’ऐवजी ‘पेस्ट’ ठेवून ‘एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट’ निवडा.

सोयाबीनवाला, औसा
केलं. तक्ता दिसायलाय. फाइल मात्र केवढी फुगली!

हिशोबवाली, परभणी
दादा, ती फाइल कुणाला पाठवू नका! फुगली कारण अख्खं वर्कबुक, म्हणजे पूर्ण एक्सेल फाइल, आत बसलंय. तक्त्यावर डबलक्लिक करा, खालच्या सगळ्या शीट दिसतील. आमच्या बचतगटाचा अहवाल मी असाच मेल केला होता, दुसऱ्या शीटवर सगळ्या बायकांचे खातेनंबर. आठ दिवस झोप नव्हती.
लिंकवालीच फाइल घ्या. घरी एफ९ने आकडे ताजे करा, ‘सेव्ह ॲज’ करून वेगळी प्रत काढा, त्या प्रतीत तक्ता निवडून कंट्रोल + शिफ्ट + एफ९. लिंक तुटते, चित्र उरतं. कंट्रोल + ए करून दाबू नका, अनुक्रमणिकेचीही लिंक जाईल.

सोयाबीनवाला, औसा
ताई, डबलक्लिक केलं. दुसऱ्या शीटवर उधारीची यादी, अन् पहिलंच नाव आमच्या चुलत्याचं! सभेत अध्यक्ष तेच आहेत.
तुम्ही सांगितलं तसं केलं, वरून पीडीएफ करून नेली. नीट निघाली. त्या २५ प्रतींच्या कोऱ्या बाजूवर पोरगं गणितं सोडवायलंय.