चिनी बायका तपासणीला येत नाहीत, त्याचं खापर लाजेवर फोडू नका

बॉक्सहिलकर: काल इथे एकाने लिहिलं की ऑस्ट्रेलियातल्या चिनी बायका मॅमोग्रामकडे (स्तनाचा कॅन्सर शोधायचा एक्स-रे) फिरकत नाहीत कारण त्या लाजऱ्या, अडाणी आणि कॅन्सरचं नावही काढायला घाबरतात. डोकंच फिरलं माझं. मेलबर्नला बॉक्स हिलमध्ये राहते, सात वर्षं बायकांचे मॅमोग्राम काढायचं काम करतेय. परवा ५७ वर्षांच्या बाई आल्या, पर्समध्ये बोलावण्याचं पत्र, घड्या पडून पडून फाटायला आलेलं, दोन वर्षांपूर्वीचं. इंग्रजी पत्र, त्यांना वाटलं बिल आलंय, मुलगा म्हणाला नंतर बघू. हा अडाणीपणा? ५० ते ७४ वयाला दर दोन वर्षांनी बोलावतात, चाळिशीपासून स्वतःहून जाता येतं, एक पैसा लागत नाही, पण हे त्यांना कळेल असं सांगितलं कुणी?

स्पष्टवक्ता: ते मीच लिहिलं होतं. एका पत्रावरून निकाल देऊ नका ताई. माझ्या ऑफिसातली शांघायची बाई फाडफाड इंग्रजी बोलते, तरी म्हणते मला काही होत नाही तर कशाला जाऊ. वर चीनला गेली की सोनोग्राफी करून येते, म्हणजे झालं.

बॉक्सहिलकर: मग ती बेफिकीर कशी? तिकडे चेकअपला छातीची सोनोग्राफीच करतात, २००९ पासून गावाकडच्या बायकांची सरकारी मोफत तपासणी सुरू झाली त्यातही तीच. फक्त तिला हे सांगायला हवं की कॅल्शियमचे बारीक ठिपके, जे कधी कधी कॅन्सरची पहिली खूण असतात, ते मॅमोग्राममध्येच नीट दिसतात.

सिडनीची_सून: आईचं पत्र नंतर बघू म्हणणाऱ्या त्या मुलाबद्दल मला बोलायचंय. घरच्या माणसाला दुभाषा करणं बंद करा! माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, डॉक्टरने विचारलं पाळी गेल्यावर अंगावरून कधी गेलंय का, भाषांतर करायला माझा नवरा, त्या चटकन नाही म्हणाल्या. घरी आल्यावर भांडी घासताना मला हळूच सांगितलं, तीन महिने जातंय. चिनी आजी तरी मुलासमोर काय वेगळं बोलणार?

स्पष्टवक्ता: मग काय फोनवरच्या दुभाष्याची वाट बघत बसायचं? माझ्या शेजारच्या आजींना कँटोनीज येते, लाइनवर दिला मँडरिनवाला, दोन्ही चिनीच पण एकीचं दुसरीला कळत नाही. शेवटी नातवानेच निभावलं.

सिडनीची_सून: नातवाने!! आजीने त्याच्यासमोर काय काय गिळलं असेल याचा विचार केलात? तुम्हाला कधी कुणासमोर असं सांगावं लागलं नाही म्हणून सोपं वाटतंय.

स्पष्टवक्ता: वैयक्तिक जाऊ नका. मी त्यांच्या काळजीपोटीच बोलतोय, माझी मावशी उशिरा कळल्यामुळेच गेली.

बॉक्सहिलकर: वाईट वाटलं ऐकून. पण मग हेही ऐका, गर्भाशयमुखाच्या तपासणीला आता कुणापुढे पाय फाकवून झोपावं लागत नाही. जुलै २०२२ पासून २५ ते ७४ वयाच्या कुणालाही पडद्याआड स्वतःच्या हाताने स्वॅब घेता येतो, एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) निघाला नाही तर पाच वर्षं सुट्टी. लाज हेच कारण धरलं तरी त्यावर उपाय आहे, तो बायकांपर्यंत पोचत नाहीये.

स्पष्टवक्ता: स्वॅबचं माहीत नव्हतं, मान्य. अडाणी शब्दही मागे घेतो. पण शांघायवाली चिनीत पत्र दिलं तरी जाणार नाही, लिहून ठेवा.

बॉक्सहिलकर: तिला शनिवारी सकाळी पाठवा, मी असते. बरोबर कुणाला आणू नको म्हणावं.