मदत हवी आहे: ई-एमटीबीचा (मोटर असलेल्या माउंटन बाइकचा) मागचा शॉक तळाला आपटतो, स्पेसर वाढवावा का?

फुल सस्पेन्शन, मागे १५० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलण्याचं अंतर), एअर शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः जितका दबू शकतो ते अंतर) ६० मिमी. हेल्मेट, पाणी, बॅग धरून माझं वजन ८४ किलो, सायकलचं २४.

सॅग (नुसत्या माझ्या वजनाने शॉक जितका दबतो तो) १८ मिमी (स्ट्रोकच्या ३० टक्के) ठेवला की चढावर मागच्या चाकाची पकड सुरेख मिळते, पण गुडघाभर ड्रॉपवरून सपाटीवर उतरलं की शॉक तळाला आपटतो. हवा वाढवून सॅग १५ मिमीवर आणला तर आपटणं थांबतं. मात्र मग दगड-मुळांच्या चढावर चाक उसळतं आणि मोटरच्या टॉर्कने जागीच फिरतं. मला ही पकड सोडायची नाही.

सॅग पेडलवर उभं राहून, शॉक पूर्ण ओपन (लॉक न करता) ठेवून मोजलाय. हवा भरताना मधेमधे शॉक दाबून दोन्ही चेंबरमधला दाब समान केलाय. रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) बदलून आपटण्यात फरक नाही (तो पडणारही नव्हता). मागे ट्यूबलेस टायर, २४ पीएसआय.

आत एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करून शेवटाकडे शॉक कडक करणारा तुकडा) आहे, आणखी दोन बसतात. कम्प्रेशन (शॉक दबताना होणारा विरोध) फक्त लो-स्पीड, म्हणजे शॉक हळू दबतानाचं, बदलता येतं. लिंकेज (चाक आणि शॉक जोडणारे दांडे) फारसं प्रोग्रेसिव्ह नाही, म्हणजे शेवटाकडे ते फारसं कडक होत जात नाही. शॉक बदलायचा नाही.

३० टक्के सॅग कायम ठेवून एकच स्पेसर वाढवला तर मधल्या ट्रॅव्हलमध्ये शॉक कडक लागेल का, की आधी लो-स्पीड कम्प्रेशन वाढवून पाहावं?