सहा तास आधी जायचं का?

सेक्रेटरी, रात्री ८:४२
सोसायटीच्या सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. विमानतळाच्या टर्मिनलचे नूतनीकरण सुरू असल्याने फ्लाइटच्या किमान ६ तास आधी पोहोचावे. फॉरवर्ड आहे, पण उपयुक्त वाटला.

ए-१०६
सहा तास आधी? तेवढ्यात तर माझा पाहुणचार, भांडण आणि समेट सगळं उरकतं 😄

ए-५०२
हसू नका दादा. गेल्या रविवारी आमचं विमान चुकलं. अडीच तास आधी दारात होतो, उशिरा नाही.

डी-३०३
अरे! ताई, काय झालं नक्की?

ए-५०२
आत गेलो तर नेहमीचा मोठा हॉल अर्धा गायब. प्लायवूडची पांढरी भिंत, त्यावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ आणि खाली दोन बाण. जुना डावीकडे, त्याच्यावर चिकटवलेला नवा उजवीकडे. नव्याची एक बाजू सुटून लोंबत होती, म्हणून दिसला तो जुनाच. गेलो डावीकडे, तिथे भिंत. चार बॅगा आणि सासूबाईंना घेऊन परत फिरलो. सात मिनिटं तिथेच गेली. बॅगा देण्यात ५० मिनिटं. मग सिक्युरिटीत सव्वा तास. तिथे तर कमाल, रिकामे ट्रे ढकलत परत आणणारा माणूस एकच. मशिन चालू, माणसं उभी, आणि सगळे ट्रेची वाट बघतायत. गेटवर पोहोचलो तेव्हा विमान काचेतून समोर दिसत होतं. गेट पाच मिनिटांपूर्वी बंद केलेलं. सासूबाई म्हणाल्या, अगं ते इथेच तर उभं आहे.

बी-४०१
😞 ती काच फार वाईट असते.

सेक्रेटरी
म्हणूनच तर मेसेज टाकला. सहा तास.

सी-१०१
ताई, तुमची काही चूक नाही, वाईट वाटलं वाचून. पण सेक्रेटरीसाहेब, तो सहा तासांचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. त्या मेसेजनेच रांग वाढते. मी २८ वर्षं टर्मिनल ऑपरेशन्समध्ये काढली आहेत, हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

डी-३०३
काका, लवकर आले लोक तर गर्दी पांगेल ना उलट?

सी-१०१
पांगली असती, जर पुढची दारंही लवकर उघडत असती तर. बॅगा घेण्याचे काउंटर बहुतेक कंपन्या साधारण ३ तास आधी उघडतात. त्याच्या आधी आलेला माणूस ट्रॉलीसकट हॉलमध्ये बसून राहतो. काम सुरू असताना हॉल आधीच अर्धा झालेला, आणि हा बसतो नेमका रांग वळवायच्या जागेत. ज्याच्याकडे द्यायची बॅग नाही तो आणखी भारी. ११ चं विमान असताना पहाटे ५ ला सरळ सिक्युरिटीत घुसतो आणि ६:४० वाल्याच्या पुढे उभा राहतो. मग ६:४० वाला चुकतो, बातमी होते, पुढच्या आठवड्यात सगळे सात तास आधी येतात.

आयर्लंडच्या डब्लिन विमानतळावर २०२२ मध्ये हेच झालं. २९ मे, रविवार. एका दिवसात हजाराहून जास्त लोकांची विमानं चुकली. तिथे बांधकाम नव्हतं, कोविडनंतर कर्मचारीच कमी होते, पण रांगेला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्यानंतर त्यांनी काय केलं? गर्दीच्या वेळी फार लवकर आलेल्यांना आतच घेईनात. जवळच्या प्रवासाला अडीच तास, लांबच्याला साडेतीन तास. त्याआधी आलात तर बाहेर वेगळ्या जागेत थांबा. लोक चिडले, पण रांग हलली.

ए-१०६
म्हणजे वेळेआधी आलेल्याला शिक्षा 🙏

सी-१०१
शिक्षा नाही. ज्याचं विमान आधी त्याला आधी सोडणं, एवढंच. रांगेत ‘पहिला आला तो पहिला’ हा न्याय वाटतो, विमानतळावर तो तसा नसतो.

बी-४०१
पण काका, एक सांगा. दहापैकी तीन मशिन बंद केली तर रांग तीस टक्के वाढायला हवी. ही तर दसपट होते. स्टाफ ढिला पडतो का?

सी-१०१
इथेच सगळ्यांची फसगत होते, आमच्या मॅनेजमेंटचीही व्हायची. समजा सिक्युरिटीच्या १० लेन आहेत आणि एका लेनमधून तासाला १५० माणसं जातात. म्हणजे तासाला १५००. पहाटे ५ ते ७ दर तासाला १४०० लोक येतात. बसतात. रांग जवळपास नाहीच. आता ३ लेन प्लायवूडमागे गेल्या. उरली क्षमता १०५०. लोक मात्र तेवढेच, कारण वेळापत्रक कोणी कमी केलेलं नाही. दर तासाला ३५० माणसं शिल्लक राहतात. ७ वाजता ७०० माणसं उभी. त्यांना काढायला ४० मिनिटं. शून्यावरून ४० मिनिटांवर. तीस टक्के कुठे राहिले?

आणि गंमत पुढेच आहे. ७ नंतर गर्दी निम्मी झाली, तासाला ७०० लोक, तरी शिल्लक रांग तासाला ३५० नेच उतरते. म्हणजे ९ वाजेपर्यंत रांग आहेच. साडेआठला आलेला म्हणतो, आत्ता तर कोणी येत नाहीये, मग मी उभा का? तो पहाटेची उधारी फेडतोय.

डी-३०३
काका, हे आमच्या डी विंगच्या लिफ्टसारखं झालं! दोनपैकी एक बदलायला काढली तर मला वाटलं दुप्पट थांबावं लागेल. सकाळी ८:१५ ला शाळेची मुलं, ऑफिसवाले, कचऱ्याचे डबे सगळे एकदम. पंधरा मिनिटं!

सी-१०१
तंतोतंत. दुपारी अडीचला एक लिफ्टही पुरते. त्रास कामाचा नसतो, काम आणि लाट एकत्र येण्याचा असतो.

डी-२०२
सेक्रेटरीसाहेब, लिफ्टचा विषय निघालाच आहे तर

सेक्रेटरी
लिफ्टचा विषय नको. काम वेळेत आहे.

डी-२०२
कोणत्या वर्षीच्या वेळेत 😂

बी-३०४
मी कॉलेजला हेच शिकतोय! लिटलचा नियम. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केला. रांगेतली माणसं भागिले दर मिनिटाला सुटणारी माणसं = तुमची थांबायची वेळ. गेल्या महिन्यात मी आणि बाबा रांगेत होतो तेव्हा करून बघितलं. पट्ट्यांच्या एका वळणात ३० माणसं, आठ वळणं, म्हणजे २४०. पुढे मिनिटभर घड्याळ लावून बघितलं, ६ जण आत गेले. ४० मिनिटं. लागली ४३. बाबा म्हणाले फी वसूल झाली.

ए-१०६
शाब्बास! तीन मिनिटं कुठे गेली पण?

बी-३०४
एका आजोबांच्या बॅगेत पाण्याची बाटली होती, तिची चर्चा.

सी-१०१
झकास केलंस रे. हा हिशेब रांगेत शिरल्या शिरल्या करा. कारण ४० मिनिटं लागणार आणि गेट ३५ मिनिटांत बंद होणार हे सुरुवातीलाच कळलं तर तेव्हाच कर्मचाऱ्याला गाठता येतं. बहुतेक लोक शेवटच्या वळणावर पोहोचून ओरडतात, तेव्हा कोणाच्या हातात काही नसतं. काम सुरू असताना फ्लाइट नंबर पुकारत फिरणारा एक माणूस असतो. त्याला हात करा, बोर्डिंग पास दाखवा. लाजू नका.

ए-५०२
आम्ही लाजलो. खरं सांगते. पुढच्यांनी डोळे वटारले आणि आम्ही गप्प बसलो.

बी-२०१
प्रश्न: लॅपटॉप काढायचा की नाही? एका लेनवाला म्हणतो काढा, शेजारचा म्हणतो ठेवा. मागच्या वेळी मी मधल्या मध्ये काढून परत ठेवला, मागच्याने शिव्या घातल्या.

सी-१०१
दोघंही बरोबर असतात. नवीन सीटी स्कॅनर बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र काढतो, म्हणून तिथे लॅपटॉप आत चालतो. जुन्या मशिनला काढावा लागतो. नूतनीकरणात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. नवं मशिन जडही असतं, काही ठिकाणी त्यासाठी जमीनच बळकट करावी लागते. ही मशिन बसवायला ब्रिटनने सगळ्या मोठ्या विमानतळांना १ जून २०२४ ची मुदत दिली होती, कित्येकांना जमली नाही. द्रव पदार्थांचा १०० मिलीचा नियम २००६ पासून आहे, तो मशिन बदललं म्हणून आपोआप जात नाही. तुम्ही एकच करा. काढायच्या वस्तू वरच्या कप्प्यात ठेवा, आणि त्या लेनवरचा माणूस सांगेल तसं. मागच्यांच्या शिव्या मोफत.

ए-५०२
काका, एक विचारू का? विमान चुकल्यावर आम्ही दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटं काढली. आता कळलं की परतीचं तिकीटही रद्द झालंय! ते तर आम्ही वापरणारच होतो.

सी-१०१
हो ताई, हे फार जणांना माहीत नसतं. एकाच बुकिंगमधला पहिला टप्पा तुम्ही घेतला नाही की तुम्ही ‘नो शो’, आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमात पुढचे सगळे टप्पे आपोआप जातात. रांग कोणाचीही असो, कंपनीच्या लेखी तुम्ही गेटवर नव्हता. विमान सुटायच्या आधी, रांगेत उभ्या उभ्या का होईना, फोन किंवा ॲपवरून कंपनीला कळवायचं. त्याची नोंद राहते. रांगेचा फोटो वेळेसकट, बॅगेची पावती, सगळं जपा. तुमच्याकडे बॅगेचा टॅग आहे ना? त्यावर वेळ छापलेली आहे का बघा. असेल तर तुम्ही वेळेत हजर होता हे त्यावरून दिसतं. लिहा त्यांना. मिळेलच असं मी म्हणणार नाही.

ए-५०२
टॅग आहे! सासूबाईंनी पर्समध्ये ठेवलाय, त्या काहीच टाकत नाहीत 🙏

बी-४०१
जाऊ दे, नवीन टर्मिनल झालं की सगळे त्रास संपतील.

सी-१०१
लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५ उघडलं २७ मार्च २००८ ला. नवं कोरं. पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना स्वतःचं पार्किंग आणि आत जायची वाट सापडेना, बॅगांचा पट्टा अडला, विमानं रद्द, हजारो बॅगा मागे. बर्लिनचं नवीन विमानतळ ३ जून २०१२ ला उघडणार होतं. महिनाभर आधी कळलं की आगीपासून सुरक्षेची यंत्रणाच तयार नाही. उघडलं ३१ ऑक्टोबर २०२० ला.

उद्घाटनानंतरचे दोन-तीन आठवडे मी तर स्वतः प्रवास टाळतो. तुम्हाला अनुभव हवा असेल तर जरूर जा.

ए-१०६
आठ वर्षं! सेक्रेटरीसाहेब, डी विंगची लिफ्ट एकदम वेळेत आहे, माफ करा.

सेक्रेटरी
👍

डी-६०४
मी इतका वेळ वाचतेय आणि पोटात गोळा आलाय. माझं उद्या पहाटे ६:४० चं विमान आहे, मुलीकडे चाललेय. एकटी. मी नक्की कधी निघू ते सांगा, सहा की तीन?

सी-१०१
मावशी, घाबरू नका. उलटं मोजू. देशातल्या देशातच आहे ना? म्हणजे इमिग्रेशन नाही. काउंटर कधी उघडतं?

डी-६०४
तिकिटावर ३ तास आधी लिहिलंय. एक मोठी बॅग आणि एक हातातली. गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगितली आहे, मुलीने तिकीट काढतानाच.

सी-१०१
उत्तम. ती किमान ४८ तास आधी सांगावी लागते, तुमचं झालंय. आता बघा. गेट ६:२० ला बंद. जवळची गेटं बंद आहेत, त्यामुळे लांबचं गेट किंवा बस धरा, २० मिनिटं. म्हणजे ६:०० ला सिक्युरिटीतून बाहेर. सिक्युरिटीला ताईंचा सव्वा तास धरला तर ४:४५. बॅगेला ५० मिनिटं, ३:५५. काउंटर उघडतं ३:४० ला. तर ३:४० ला तुम्ही दारात असायला हव्यात. तीन तास. सहा नाही.

व्हीलचेअरमुळे बहुधा वेगळी लेन मिळेल आणि तुम्ही गेटवर तास-दीड तास बसून राहाल. पण मदतीचा डेस्क जुन्या जागी असेलच असं नाही. दारावरच्या पहिल्या गणवेशवाल्याला विचारा, बाणांच्या नादी लागू नका.

ए-५०२
मावशी, बाण बघूच नका. दारातून उजवीकडे. उजवीकडे!

डी-३०३
गाड्या थांबायची जागाही पुढे हलवलीये, तिथून दारापर्यंत दहा मिनिटं चालायला लागतं. मावशींना गुडघे आहेत, पंधरा धरा.

सी-१०१
बरं झालं सांगितलंस. मग गाडी ३:२५ ला तिथे. आपल्याकडून पहाटे रिकाम्या रस्त्याने ४० मिनिटं. पावणेतीनला गेटबाहेर पडा.

डी-६०४
पावणेतीन. लिहून घेतलं. देव तुमचं भलं करो.

डी-२०२
एक मिनिट. सेक्रेटरीसाहेब, आज डी विंगच्या बोर्डावर नोटीस आहे ना? ‘रात्री २ ते ४ दुसरी लिफ्ट चाचणीसाठी बंद.’

डी-६०४
म्हणजे मी सहाव्या मजल्यावरून चालत??

ए-१०६
घ्या. टर्मिनल घरीच आलं.

सेक्रेटरी
मेकॅनिकला फोन करतो आहे. थांबा.

सेक्रेटरी, रात्री १०:३१
चाचणी ३ वाजता सुरू करायला सांगितली आहे. मावशी, २:४० ला मी सहाव्या मजल्यावर बॅग घ्यायला येतो. वरचा सहा तासांचा मेसेज मी डिलीट करत आहे.

बी-३०४
सर, मावशींना फक्त सांगा, लिफ्टच्या बाणाकडेही बघू नका 😄