टाहोला बर्फ पडला, म्हणजे दुष्काळ संपला?

डोंगरवेडा
काल इथे एकांनी कॅलिफोर्नियातल्या सिएरा डोंगरातल्या टाहोचे फोटो टाकून लिहिलं, "कमरेएवढा बर्फ आहे, दुष्काळाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आता गप्प बसावं." म्हणून हा धागा.

डिसेंबर २०२१ आठवतो का? सिएरात विक्रमी बर्फ पडला होता, तेव्हाही हेच फोटो. पुढचे तीन महिने ठणठणीत कोरडे गेले आणि १ एप्रिल २०२२ ला बर्फाचा साठा सरासरीच्या ३८ टक्के भरला. हिशोब एप्रिलला होतो, नाताळच्या सुट्टीत नाही. तोही उंचीचा नाही, बर्फ वितळल्यावर पाणी किती निघेल त्याचा.

टाहोप्रेमी
तो एक म्हणजे मीच. २०२३ सोयीस्कर विसरलात? साठा सरासरीच्या दुपटीच्या वर, आणि कधीच आटवून शेतं केलेलं तुलारे तळं परत पसरलं. तेव्हाही तुमचं "थांबा, थांबा" चालूच होतं. २०१५ च्या दुष्काळात मी लॉन काढून दगड टाकले, शेजाऱ्याने हिरवळ राखली. आता एखादा फोटोही टाकू नको?

खटावकर
लॉनचं काय घेऊन बसलात! माणसं वापरतात त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीत जातं. एका बदामाला चारेक लिटर. २०१५ ला तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरात बर्फ मोजतात त्या फिलिप्स स्टेशनला वाळक्या गवतात उभे राहिले, बर्फ होता सरासरीच्या ५ टक्के, आणि २५ टक्के कपात कुणाला? शहरांना. बदामाच्या बागा मोकळ्या.

वाईची_सून
मोकळ्या कुठल्या? २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कालव्यांतून बऱ्याच शेतकऱ्यांना शून्य पाणी मिळालं. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची फ्रेस्नोकडे बाग आहे, बोअर खोल करायला कर्ज काढलं त्यांनी.

आणि बदामावर खटावकरांनी बोलावं? माण-खटावला उपशाचं पाणी पोचलं की आधी काय लागतं? ऊस. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तेव्हा मराठवाड्यात काय उभं होतं?

खटावकर
ताई, कृष्णा दारातून वाहते त्यांना हे सुचतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर, आमच्या म्हसवडला पाचशेच्या घरात, जिल्हा एकच. ऊस हौसेने लावत नाही कुणी. त्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे. ज्वारी नेली की व्यापारी तोंड बघून भाव सांगतो. वडिलांनी डाळिंब लावून पाहिलं, तेल्या रोगाने बाग गेली. आणि त्या खोल बोअरचं कौतुक नको. पाणी खाली गेलं तेव्हा तिथल्याच ईस्ट पोर्टरव्हिल वस्तीतल्या गरिबांच्या विहिरी आटल्या.

वाईची_सून
म्हणजे तुमचा शेतकरी नाइलाजाने ऊस लावतो आणि इथला हावरट. बरं. विहिरींचं मात्र खरं आहे, एवढं एक मान्य.

डोंगरवेडा
अहो, बर्फ! तो डोंगरावर राहिला तर उन्हाळ्यापर्यंत सावकाश उतरतो. तेच पाणी पाऊस म्हणून आलं की पुरासाठी धरणात जागा ठेवायला सोडून द्यावं लागतं. २०१७ ला इथल्या ओरोव्हिल धरणाचा सांडवा फुटला, पावणेदोन लाखांहून जास्त लोक हलवले, तेही दुष्काळाच्या पाठोपाठ. वादळं उबदार होत गेली तर फोटोतला बर्फ काय कामाचा?

टाहोप्रेमी
बरं साहेब. १ एप्रिलपर्यंत प्रत्येक फोटोखाली "निकाल राखून ठेवला आहे" असं लिहितो. चालेल?

खटावकर
ताई, दिवाळीला साखर किती आणता ते सांगितलं नाहीत.

वाईची_सून
उसाचा वेगळा धागा काढा. येतेच तिथे.